टिंबाचे कूळ

चेन्नईच्या दक्षिणेला, सिरुसेरीच्या आयटी पार्कात चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट आहे. गणितज्ञ सी. एस. शेषाद्री यांनी १९८९ मध्ये सुरू केलेल्या या संस्थेत पदवीच्या विद्यार्थ्यांना प्रोग्रॅमिंगचे पहिले धडे बरीच वर्षे हॅस्केल या भाषेत मिळाले. हॅस्केलमध्ये दोन फंक्शनांच्या मध्ये एक टिंब दिले की तिसरे फंक्शन तयार होते. उजवीकडचे आधी चालते आणि त्याचे उत्तर डावीकडच्याला मिळते. संस्थेतल्या माधवन मुकुंद आणि एस. पी. सुरेश यांनी ही भाषा एनपीटीईएल या ऑनलाइन व्यासपीठावरून देशभर शिकवली.

या टिंबाचे मूळ गटिंगेनपर्यंत जाते. तिथे डिसेंबर १९२० मध्ये मोझेस शॉनफिंकेल यांनी तर्कशास्त्रातली चलपदे काढून टाकून सगळा डोलारा मोजक्या फंक्शनांवर उभा करून दाखवला. त्यांतले एक दोन फंक्शने जोडणारे होते. अमेरिकेत हॅस्केल करी यांनी हे काम पुढे नेले. भाषेला नाव मिळाले ते त्यांचेच.

ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्ट या भाषेची शाखा वेगळी. अलोन्झो चर्च यांचे लॅम्डा कॅल्क्युलस, मग मॅकार्थींची लिस्प ही भाषा, मग १९७५ ची स्कीम. १९९५ मध्ये नेटस्केपने ब्रेंडन आइक यांना ब्राउझरमध्ये स्कीम आणायला बोलावले. प्रत्यक्षात भाषेला जावाचा पेहराव चढवावा लागला आणि पहिला नमुना दहा दिवसांत उभा राहिला. तरी आइकनी स्कीमचा गाभा सोडला नाही: फंक्शन हेही एक मूल्य, ते दुसऱ्या फंक्शनला देता येते, त्याच्याकडून परत घेता येते. घाईच्या त्या दिवसांतला हा सर्वांत मोलाचा निर्णय.

टिंब मात्र जावास्क्रिप्टमध्ये आले नाही. तिथे फ आणि ग घेऊन, 'क दिला की फ(ग(क)) काढणारे' फंक्शन प्रोग्रॅमर स्वतः लिहितात किंवा अंडरस्कोर, रिडक्स या लायब्ररींतले तयार 'कॉम्पोझ' वापरतात.

यात क्रम चुकला की हिशेब चुकतो. ५०० रुपयांच्या खरेदीवर १० टक्के सूट आणि ५० रुपयांचे कूपन आहे. सूट आधी लावली तर ४०० रुपये होतात, कूपन आधी लावले तर ४०५. त्यातून कॉम्पोझ उजवीकडून डावीकडे चालते, त्यामुळे 'आधी सूट' हवी असेल तर सूट शेवटी लिहावी लागते. नवशिके इथेच अडखळतात.

युनिक्स या संगणक प्रणालीने हा क्रम उलटवला होता. डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहावरून १९७३ मध्ये केन थॉम्पसन यांनी आणलेला, एका आज्ञेचे उत्तर पुढच्या आज्ञेला देणारा पाइप डावीकडून उजवीकडे वाचला जातो. जावास्क्रिप्टमध्येही तशी खूण असावी, हा प्रस्ताव २०२१ मध्ये भाषेच्या प्रमाणीकरण समितीत दुसऱ्या टप्प्यावर पोचला.