पुरणपोळीवर आधी काय?

राजेरजवाड्यांचे तंटे लढाईने माजतात आणि तहाने मिटतात. पंक्तीतले तंटे मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालतात, आणि ते मिटावेत अशी पंक्तीतल्या कोणाचीही मनापासून इच्छा नसते. औशाच्या मुलखाने हे दोन्ही प्रकार पाहिले आहेत. इ. स. १७६० च्या फेब्रुवारीत सदाशिवरावभाऊंच्या फौजेने उदगीर-औशाच्या टापूत निजामास गाठले आणि सुमारे साठ लक्ष रुपये उत्पन्नाचा मुलूख तहात सोडवून घेतला. तो तंटा तेवढ्यावर थांबला. परंतु त्याच टापूतील स्वयंपाकघरांत पुरणपोळीवर तूप घ्यावे, दूध घ्यावे की गुळवणी घ्यावी, आणि दोन्ही घ्यावयाची झाल्यास आधी कोणते घ्यावे, हा जो वाद आहे त्याचा तह अद्याप व्हावयाचा आहे.

असले वाद आपल्याच लोकांस सुचतात असे कोणी समजू नये. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला डेव्हन आणि कॉर्नवॉल असे दोन शेजारी परगणे आहेत. तेथे चहाबरोबर स्कोन नावाची लहानशी भाजलेली पावटिकी खातात आणि तिच्यावर फळांचा मुरांबा व दुधाची घट्ट साय घालतात. डेव्हनकर म्हणतो, साय आधी व मुरांबा वर. कॉर्नवॉलकर म्हणतो, मुरांबा आधी व साय वर. जिन्नस तेच, तोंड तेच आणि पोटही तेच. तरी एवढ्यावरून माणसाचा परगणा ओळखता येतो. आपल्या पोळीचेही असेच आहे.

वादातील पक्ष प्रथम नीट समजून घेतले पाहिजेत. तूपवाल्यांचे म्हणणे असे की, तव्यावरून उतरलेल्या पोळीला तुपाखेरीज दुसऱ्या कशाचाही स्पर्श होऊ नये. विदर्भातील सढळ हाताच्या घरांत तर पोळी तुपाच्या वाटीत बुडवून खाण्याची चाल आहे. दूधवाले म्हणतात, तुपाने पोळी जड होते, दुधाने हलकी होते. गुळवणीवाल्यांचा पक्ष मराठवाड्यात व सोलापूरकडे विशेष बळकट आहे. गूळ पाण्यात उकळून, त्यास किंचित कणीक लावून, सुंठ-वेलदोड्याची पूड घातली की गुळवणी होते. पानात पोळी कुस्करून तिच्यावर ती वाढावयाची, आणि मग बोलणे बंद. शेजारी येळवणीची झणझणीत आमटी असावी लागते, याविषयी मात्र सर्व पक्षांचे एकमत आहे. पुणेकर तिला कटाची आमटी म्हणतो, एवढाच काय तो भेद.

आता आधी काय, हा प्रश्न. वरवर पाहता तो केवळ हट्टाचा वाटतो, पण त्याच्या मुळाशी पदार्थांचा स्वभाव आहे. गरम पोळीवर तूप आधी घातले तर ते पापुद्र्यांतून आत मुरते. मागून दूध घातले तरी पोळी एकदम लगदा होत नाही. उलट दूध आधी घातल्यास पोळी भिजून निवते, आणि मागून आलेले तूप वर थिजून राहते. गुळवणी व दूध एकत्र घेणाऱ्यास आणखी एक पथ्य पाळावे लागते. गुळवणी कढत असेल तर दूध नासण्याची भीती, म्हणून ती आधी निवू द्यावी लागते. कॉर्नवॉलचे लोकही आपल्या बाजूने असेच कारण देतात की, गरम टिकीवर साय आधी ठेवली तर ती वितळून जाते. तात्पर्य, दोन्हीकडच्या गृहिणींनी उष्णतेचे नियम पुस्तक न उघडताच जाणले होते.

परंतु स्वभावाने क्रम ठरतो. पक्ष ठरतो तो इतिहासाने. पुरणपोळीच्या घराण्याची जुनी नोंद शोधू गेल्यास फार दूर जावे लागत नाही. औशाहून आग्नेयेस, जुन्या काळच्या दोन-तीन मुक्कामांवर, कल्याणी हे चालुक्यांचे राजधानीचे नगर होते. आज तेच कर्नाटकातील बसवकल्याण. तेथील राजा सोमेश्वर तिसरा याने इ. स. ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. राजाच्या उपभोगांचे वर्णन करताना त्याने अन्नाचेही प्रकरण घातले, आणि त्यात गव्हाच्या पारीत डाळीचे सारण भरून भाजावयाच्या ‘वेष्टिका’ नामक पदार्थाचा उल्लेख आहे. ही वेष्टिका म्हणजे आजची पुरणपोळीच, असे म्हणण्याचे धाडस करू नये; पण आजीच्या चेहऱ्याची ठेवण नातीत दिसावी तसे साम्य आहे खरे.

राजाच्या ताटात गहू रोजचा असेल. रयतेच्या ताटात तो सणाचा होता. औशाची काळी जमीन ज्वारीची, तुरीची आणि हरभऱ्याची. रोजची भाकरी, आणि सणासुदीला पोळी. त्यामुळे पुरणाची हरभऱ्याची डाळ घरची असली, तरी पोळी हाच मुळी एक प्रसंग असे. वर काय घ्यावयाचे, हे मग गोठ्यावर आणि गाठीच्या पैशावर ठरे. याच भागात देवणी ही गाईबैलांची नामांकित जात आहे. तिचे बैल कामाला दमदार आणि गाई दुधालाही बऱ्या. परंतु कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी वासराचा वाटा आधी, कारण उद्याचा बैल त्यातूनच व्हावयाचा. उरलेल्या दुधाचे तूप करावे तर ते टिकते आणि बाजारात त्याचा पैसा होतो. म्हणून तूप घरच्या पानात थेंबाने आणि बाजारात शेराने जाई. याउलट गुळाची एक ढेप फोडली की पंचवीस-तीस पाने भिजतात. गुळवणीचा जन्म असा काटकसरीच्या पोटी झाला असावा. पोळ्याच्या दिवशी पुरणपोळीचा पहिला मान बैलाचा असतो, आणि त्या बिचाऱ्याने तूप आधी की दूध आधी असा प्रश्न कधी काढलेला नाही.

काटकसर म्हटली की काही लोक नाक मुरडतात. त्यांनी या जिल्ह्याचे पाऊसमान ध्यानात घ्यावे. १९७२ च्या दुष्काळात येथील माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडून सुकडीवर दिवस काढीत होती, आणि २०१६ च्या एप्रिलात लातुरास पिण्याचे पाणी मिरजेहून आगगाडीने आणावे लागले. अशा मुलखात सणाच्या दिवशी सर्वांच्या पानात सारखे गोड पडेल अशी युक्ती ज्यांनी काढली, त्यांस कद्रू म्हणणे न्यायाचे नव्हे. तूप माणसाची ऐपत दाखविते. गुळवणीत श्रीमंत आणि गरीब एकाच ओगराळ्याने मोजले जातात.

भाषाही येथे साक्ष देते. गुळवणी म्हणजे गुळाचे पाणी. येळवणी म्हणजे शिजलेल्या डाळीतून वेळून काढलेले पाणी. भात वेळणे हे क्रियापद आणि त्यासाठी भांड्यावर ठेवावयाची वेळणी जुन्या घरांत सर्वांस ठाऊक असे, आणि ‘वेळ’चे ‘येळ’ करणे ही तर इकडच्या बोलीची रीतच. दोन्ही शब्दांच्या शेवटी पाणी आहे. ज्या प्रांतात पाणी मोलाचे, तेथील गृहिणीने डाळीचे पाणी मोरीत न ओतता त्याची आमटी केली, आणि त्या आमटीला नावही पाण्याचेच दिले.

मग ही चाल ग्रंथांतून ठळकपणे का दिसत नाही? याचे उत्तर राजकीय आहे. मराठीतील आरंभीची पाकपुस्तके मुंबई-पुण्याकडे छापली गेली. लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणीमित्र’ १९१० साली निघाले. त्या वेळी औसा निजामाच्या राज्यात उस्मानाबाद जिल्ह्यात होते. त्या राज्यात १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले ते उर्दू माध्यमाचे. १९४८ च्या सप्टेंबरात निजामी राजवट संपली, १९६० त महाराष्ट्र झाला, आणि १९८२ साली लातूर जिल्हा वेगळा होऊन औसा त्यात आले. एवढ्या अवधीत इकडचा स्वयंपाक तोंडी चालला. बार्शीची अरुंद रुळांची आगगाडी १९११ साली लातूरपर्यंत आली. तिने धान्य नेले-आणले, आणि इंग्रजी मुलखातल्या लेकी सुना म्हणून इकडे येणेही सोपे केले. सासूने गुळवणी वाढावी आणि सुनेने हळूच दूध मागावे, यातूनच पुष्कळ घरांत वादाची दोन्ही कलमे शाबूत राहिली असतील.

तोंडी विद्येचे बळ किती असते, याची कठोर परीक्षा औसा तालुक्याने दिली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजण्याच्या सुमारास, याच तालुक्यातील किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. दगडमातीची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि हजारो जीव गेले. पुढे गावेच्या गावे नव्या जागी वसवावी लागली. औशाचा भुईकोट किल्ला आपल्या तटाखंदकांसह उभा आहे. बहामनी, निजामशाही, मोगल यांचा इतिहास त्याच्याजवळ विचारता येतो. पण जे घर ढिगाऱ्यात गेले, त्यातील पाटा-वरवंटा, पुरणाची चाळण, आजीचे तांब्याचे पातेले यांचा इतिहास कोणाजवळ विचारावा? तो उरलेल्या माणसांच्या जिभेवर आणि हातांत असतो. ‘आमच्याकडे असे करीत’ हे वाक्य म्हणजे त्या घराचा शिलालेख होय. आणि ते वाक्य माणूस उच्चारतो ते बहुधा वाद घालतानाच.

म्हणून या वादाचा निकाल लावण्याच्या भरीस पडू नये. हल्ली मंगल कार्यालयांतील जेवणात सर्व प्रांतांची पोळी एकसारखी होत चालली आहे, आणि गुळवणीचे पातेले गरिबीचे म्हणून मागे सारले जाते. ते मागे सारू नये. तुपाची वाटी, दुधाचा तांब्या आणि गुळवणीचे पातेले ही तिन्ही पंक्तीत फिरावीत, वाढणाऱ्याने ‘काय वाढू?’ असे विचारावे, आणि जेवणाऱ्याने आपल्या घरची रीत सांगून शेजाऱ्याशी पोटभर भांडावे. ज्या दिवशी औशाच्या पंक्तीत हा प्रश्न कोणी विचारणार नाही, त्या दिवशी पोळी तेवढी उरेल, आणि तिच्यामागची घरे विसरली जातील.