दूरची कळ : गोठलेल्या सर्व्हरला उठवण्याचा छोटा इतिहास

१/ कुलूपबंद खोलीतला सर्व्हर गोठला, तर एके काळी उपाय एकच होता : कोणीतरी तिथे जायचे आणि हाताने कळ दाबायची. ही पायपीट वाचवणारी साधने गेल्या सुमारे तीन दशकांत घडली. त्यांची ही कथा, आणि दूरची वाटच खचली त्या दिवसाचीही.

२/ १९९५ मध्ये एएमडी आणि ह्युलेट-पॅकार्ड यांनी ‘मॅजिक पॅकेट’ पुढे आणले. यंत्र बंद असले तरी त्याचे नेटवर्क कार्ड अल्पशा विजेवर जागे राहते. १०२ बाइटांचा एक संदेश येतो : प्रथम ६ बाइटांची खूण, मग त्या कार्डाचा ६ बाइटांचा पत्ता १६ वेळा. तो ओळखताच यंत्र सुरू होते. मात्र याने निजलेले यंत्र उठते, गोठलेले नव्हे.

३/ बंद करणे अधिक नाजूक. डिस्कवर लिहायची माहिती काही काळ मेमरीतच असते. मध्येच वीज तोडली तर ती अर्धवट राहते. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी ‘एसीपीआय’ हे मानक प्रसिद्ध केले. त्यामुळे वीज-व्यवस्थापन ऑपरेटिंग सिस्टिमच्या हाती आले. कळ दाबणे ही आता आज्ञा नव्हे, विनंती झाली : आधी आवराआवर, मग विश्राम.

४/ पण ऑपरेटिंग सिस्टिमच गोठली तर विनंती ऐकणार कोण? १९९८ मध्ये इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी यांनी ‘आयपीएमआय’ मांडले. मदरबोर्डवर एक छोटा स्वतंत्र नियंत्रक बसवला जातो, ‘बीएमसी’. मुख्य प्रोसेसर निपचित असला तरी तो जागा असतो. २००१ च्या आवृत्तीपासून नेटवर्कवरून त्याला आज्ञा देता येऊ लागली : सुरू कर, सौम्यपणे बंद कर, किंवा नाइलाज असेल तर वीज तोड.

५/ आता ४ ऑक्टोबर २०२१. फेसबुकमध्ये देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेने डेटा सेंटरांना जोडणारे जाळेच तुटले. अशी आज्ञा अडवणाऱ्या तपासणी-साधनातही दोष होता. अशा प्रसंगासाठी राखलेली पर्यायी वाटही बंद पडली. अखेर अभियंत्यांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये पाठवावे लागले; आणि आगंतुकांना रोखण्यासाठी उभारलेल्या सुरक्षेने त्यांचाही वेळ घेतला. सेवा सुमारे सहा तास ठप्प होती.

६/ जोडणी परतली तरी सारे एकदम सुरू करणे धोक्याचे होते. एकेका डेटा सेंटरचा वीजवापर कित्येक दशक मेगावॉटने घसरला होता. तो भार एकाएकी चढता तर वीजयंत्रणाच कोलमडण्याची भीती. पूर्वी मुद्दाम सेवा बंद पाडून केलेल्या ‘स्टॉर्म’ नावाच्या सरावांचा अनुभव इथे कामी आला आणि सेवा टप्प्याटप्प्याने परत आणल्या गेल्या.

७/ मॅजिक पॅकेट काय, बीएमसी काय, दोघांचेही बळ एकाच गोष्टीत आहे : मुख्य यंत्र झोपले तरी ती जागी राहतात. पण त्यांच्यापर्यंत पोहोचणारी वाट त्याच जाळ्यावर विसंबली, की दूरची कळ असूनही हाती येत नाही. म्हणून ती वाट वेगळी राखणे आणि गरज पडण्याआधी चालून पाहणे, हेच या इतिहासाचे सार.