माझे गाव परळ

लालबाग-परळच्या चाळीत वाढलेल्या माणसाला पहिला प्रश्न ठरलेला असतो, "गाव कुठलं तुमचं?" उत्तरही ठरलेलं. सावंतवाडी, देवगड, संगमेश्वर, नाहीतर घाटावरचं पाटण. इथे तीन पिढ्या गेल्या तरी "मी परळचा" असं कोणी म्हणत नाही. मीही कधी म्हटलं नाही.

म्हणूनच १९८१ साली सातवीच्या वर्गाला 'माझे गाव' हा निबंध घातला तेव्हा एका वहीत "माझे गाव परळ" असं वाचून मला हसू आलं. बाकीच्या वह्यांत नदी, कौलारू घर, आंब्याची झाडं, जत्रा. याच्या वहीत गिरणीचा भोंगा, भोईवाडा, आणि "आमच्या गावात एका दगडात सात महादेव आहेत" हे वाक्य. मी लाल शाईने शेरा मारला, "परळ हे गाव नव्हे. विषय सोडून लिहिले आहे." दहापैकी तीन गुण.

मंडळी, चूक माझी होती.

मुंबईच्या सात बेटांत एक बेटच परळ नावाचं होतं आणि त्यावर त्याच नावाचं गाव. आंबेकर मार्गाच्या आसपासच्या वस्तीला जुनी माणसं आजही 'परळ गाव' म्हणतात आणि पत्त्यात 'परळ व्हिलेज' लिहितात. शेजारचा भोईवाडा नावातूनच सांगतो की तिथे भोयांची घरं होती.

त्या मुलाचे सात महादेवही खरेच. १९३१ साली रस्त्याच्या कामात जमिनीतून एक शिल्प निघालं. ते इथल्याच बारादेवीच्या देवळात ठेवलेलं आहे. एकच अखंड शिळा, उंची साधारण साडेतीन मीटर. मधोमध शंकर उभे, त्यांच्यातून वर दुसरे निघालेले, त्यांच्यावर तिसरे. आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन, फांद्या फुटाव्यात तसे. पायाशी वाद्यं घेऊन बसलेले गण. काळ पाचवं-सहावं शतक, म्हणजे घारापुरीच्या लेण्यांच्या आसपासचा. फोर्टमधल्या वस्तुसंग्रहालयात त्याची प्रतिकृती आहे, पण मूळ शिल्प गावातच राहिलं.

गावाची दुसरी खूण म्हणजे आचार्य दोंदे मार्गावरची हाफकिन संस्था. पोर्तुगीजांच्या काळात तिथे पाद्रींचा मठ होता. पुढे इंग्रजांनी तो ताब्यात घेतला आणि मुंबईचा गव्हर्नर तिथे राहू लागला. झाडी, तळं, मोकळी हवा म्हणून साहेब लोक परळला येत. मग गिरण्या आल्या, धूर आला, वस्ती दाटली. गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी कॉलऱ्याने गेल्या, आणि काही वर्षांतच गव्हर्नरांचा मुक्काम मलबार पॉइंटला हलला. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. त्यावर लस शोधणाऱ्या डॉ. हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ साली याच बंगल्यात आली. गव्हर्नरांनी मेजवान्या दिल्या त्या दालनांत लशीच्या बाटल्या भरल्या जाऊ लागल्या. १९२५ साली संस्थेला हाफकिन यांचं नाव मिळालं. लगेच १९२६ला के.ई.एम. आणि १९४१ला टाटा रुग्णालय. आता देशभरातली आजारी माणसं परळचा पत्ता विचारत येतात.

इतका इतिहास माझ्या शाळेपासून चालत दहा मिनिटांवर होता आणि मी मुलांना पुस्तकातलं खेडं शिकवत होते.

१८ जानेवारी १९८२ला गिरणी संप सुरू झाला. बरीच कुटुंबं "गावाला जातो" म्हणून गेली आणि परत आली नाहीत. त्या मुलाच्या वडिलांना जायला गावच नव्हतं; ना जमीन, ना घर. पुढच्या जूनमध्ये त्याचं नाव हजेरीपटावर नव्हतं. कुठे गेले, कोणाला सांगता आलं नाही.

बारादेवीच्या देवळात मी पहिल्यांदा गेले ते निवृत्त झाल्यावर. सातही महादेव मोजले. बरोबर सात भरले.

असो. परवा नातीने शाळेच्या प्रकल्पासाठी विचारलं, "आजी, आपलं गाव कुठलं?" मी म्हटलं, "परळ. चल, दाखवते."