गोदामातून घरात आलेलं कलम

कर्ज थकलं, बँकेने घराचा कब्जा घेतला, दाराला सील लागलं. लिलाव होईपर्यंत त्या रिकाम्या घराची काळजी कोणी आणि किती घ्यायची? आपल्याकडे याचं उत्तर 2002 च्या एका वाक्यात आहे. थकीत कर्जाच्या वसुलीसाठी असलेल्या सरफेसी कायद्याच्या अंमलबजावणी नियमांतला आठवा नियम म्हणतो की प्रत्यक्ष कब्जात घेतलेली मालमत्ता ज्याच्या ताब्यात असेल, त्याने साधारण शहाणपणाचा मालक तशाच परिस्थितीत घेईल तेवढी काळजी तिची घ्यावी. नरसिंहम समितीपासून अध्यादेशापर्यंतचा या कायद्याचा प्रवास अनेकांनी सांगितला आहे. या एका वाक्याचं कूळ मात्र फारसं कोणी पाहत नाही, आणि ते निघतं गोदामात.

1872 च्या करार कायद्याचं कलम 151 दुसऱ्याचा माल सांभाळायला घेणाऱ्यासाठी आहे. साधारण शहाणपणाचा माणूस तशाच परिस्थितीत, त्याच आकारमानाच्या, प्रतीच्या आणि किमतीच्या स्वतःच्या मालाची घेईल, तेवढी काळजी त्याने घ्यायची. यातून आकारमान, प्रत, किंमत वगळा आणि 'माणूस' काढून 'मालक' घाला, की आठवा नियम जवळजवळ जसाच्या तसा हाती येतो. यावर कोणीही वकील म्हणेल की घर, गहाण, कब्जा असा विषय असताना पूर्वज 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातच शोधायला हवा. त्याचं कलम 76 गहाण मिळकतीचा कब्जा घेणाऱ्या सावकाराची कर्तव्यं सांगतं आणि साधारण शहाणपणाचा माणूस तिथेही आहे. विषयाने हा दावा वजनदार आहे, पण शब्दांत तो टिकत नाही. कलम 76 मध्ये मिळकत स्वतःची असल्यासारखा तिचा कारभार करायचा आहे. 'तेवढी काळजी' आणि 'तशाच परिस्थितीत' हे दोन्ही सांधे तिथे नाहीत. शिवाय 2002 च्याच नियमांतला चौथा नियम पाहावा. तो जंगम तारणासाठी आहे, म्हणजे यंत्रं, वाहनं, माल यांसाठी, आणि त्यातही हेच वाक्य आहे. मालाच्या नियमात कलम 151 चं वाक्य यावं हे स्वाभाविक आहे. तिथून ते उचलून घराच्या नियमात बसवलं गेलं, असंच मी मानतो.

या कुळाची आणखी एक शाखा मला ओढून नेते. कलम 151 मागे इंग्रजी कायद्यातला ठेवीचा विचार आहे आणि त्याला आकार देणारं महत्त्वाचं पुस्तक म्हणजे विल्यम जोन्सचा 1781 चा निबंध. जोन्स कलकत्त्याला आला 1783 मध्ये, पण त्याआधीच, हॅलहेडने 1776 मध्ये इंग्रजीत आणलेल्या पंडितांच्या संहितेचा आधार त्याने या निबंधात घेतला होता. आपल्या स्मृतींत निक्षेपाचा विचार बारकाईने आहे; ठेव राजाने, दैवाने किंवा चोराने नेली तर सांभाळणाऱ्याकडून भरपाई घेऊ नये, असं याज्ञवल्क्य सांगतो. मग हा नियम इथूनच गेला आणि इंग्रजी वेशात परतला म्हणावं का? जोन्सचा मुख्य आधार रोमन कायदा होता. पंडितांची संहिता त्याने साक्षीला घेतली. तेव्हा जन्म इथला नाही, पण साक्ष इथलीही आहे, एवढं ठामपणे म्हणता येतं.

वाक्य मालाच्या घराण्यातून आल्यामुळे एक गोष्ट वाटेतच सुटली. कलम 76 मध्ये दुरुस्ती हे स्वतंत्र कर्तव्य आहे. मालाला सहसा कोरडी जागा आणि कुलूप पुरतं, घराला पुरत नाही. नाशिक जिल्ह्यातल्या देवळा आणि एकूण कसमादे पट्ट्यातलं जुनं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, घर घ्या. लाकडी सरांवर काटक्या, त्यावर मातीचा जाड थर. पावसाळ्याआधी वर चढून भेगा बुजवायच्या, माती चोपायची, पन्हाळी मोकळी करायची. एक पावसाळा हे चुकलं तर पाणी मुरतं, सर कुजतात, मातीच्या भिंती फुगतात. सरफेसीतून शेतजमीन वगळली आहे, घर वगळलेलं नाही. आणि मुरगूडच्या सहकारी बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सहकारी बँकांनाही हा कायदा खुला असल्याचं ठरवलं. म्हणजे तालुक्याच्या गावातलं घरही यात येतं.

आठव्या नियमात जपणूक, संरक्षण आणि गरजेप्रमाणे विमा हे शब्द आहेत, मग दुरुस्ती त्यात आलीच, असं कोणी म्हणेल. पण दुरुस्तीचं नाव तिथे नाही, आणि पहारेकरी बसवून विमा उतरवला की जपणूक झाली असं म्हणायला वाव राहतो. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. कलम 76 ची दुरुस्ती मिळकतीच्या उत्पन्नातून करायची असते आणि रिकाम्या घराला भाडं कुठलं? त्याचं उत्तर त्याच कायद्याच्या कलम 72 मध्ये आहे: मिळकत नाशापासून वाचवायला केलेला खर्च सावकाराला मुद्दलात धरता येतो. हा बोजा ऋणकोवरच पडतो हे खरं, पण पडक्या घराला लिलावात येणारा कमी भाव त्याहून महाग पडतो. कॅलिफोर्नियातल्या चुला व्हिस्टा शहराने 2007 मध्ये जप्तीच्या वाटेवरच्या रिकाम्या घरांची नोंदणी आणि देखभाल कर्ज देणाऱ्यांवर घातली. आपल्याला इतकं दूर जायची गरज नाही. 1882 ची ही दोन कलमं आठव्या नियमात आणली तरी पुरे. आणि कब्जा नुसता नोटिशीपुरता असताना, घर सोडून गेलेल्या कुटुंबामागे त्या धाब्यावर कोणी चढायचं, हेही त्याच नियमात लिहावं लागेल, कारण आजचं वाक्य प्रत्यक्ष कब्जानंतरच सुरू होतं.