बखर लिहिली कोणी?

शिरूर-दौंडच्या मैत्रिणींनो, वढू बुद्रुकची संभाजीराजांची समाधी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. राजे गेले १६८९ साली. त्यांचं वाईट चित्र रंगवणारी मल्हार रामराव चिटणीसांची बखर आली सुमारे सव्वाशे वर्षांनी. आणि याच चिटणीसांचे पूर्वज बाळाजी आवजी यांना राजांनी देहदंड दिलेला! लिहिणाऱ्याच्या घरचं दुखणं कोणी पाहिलंच नाही. नाटकंही तशीच निघाली. पुढे वा. सी. बेंद्रे यांनी १९६० साली आणि कमल गोखले यांनी १९७१ साली जुने कागद तपासून वेगळे राजे दाखवले. तरी २०१७ साली ‘राजसंन्यास’ नाटकावरून पुण्यात गडकऱ्यांचा अर्धपुतळा उखडला गेला. आम्हाला ते पटलं नाही. कमलताईंचं ‘शिवपुत्र संभाजी’ आम्ही पुढच्या बैठकीत वाचायला घेतोय.