पान नंबर २ चा घोळ

फोनवर कुठलाही जुना ग्रुप उघडा आणि वर वर सरकवत जा. मेसेज थोडेथोडे येतात, मध्ये ते गोल चक्र फिरतं, मग पुढची खेप. मी बॅकएंडवाला, त्यामुळे एका खेपेत किती द्यायचे हा माझा रोजचा प्रश्न. याला म्हणतात पेजिनेशन. आज त्याचीच गोष्ट.

१९८६ मध्ये यूजनेटसाठी एनएनटीपी हा प्रोटोकॉल आला. त्यात प्रत्येक न्यूजग्रुपमधल्या प्रत्येक लेखाला सर्व्हरवर नंबर असायचा. ग्रुप निवडला की सर्व्हर सांगायचा, पहिला नंबर हा, शेवटचा हा. एवढ्यावर काम भागायचं.

पुढे वेब आलं आणि ‘पान १, पान २’ची सवय लागली. २००६ ला सुरू झालेल्या ट्विटरच्या एपीआयमध्येही पान नंबर होता. आता घोळ बघा. तुम्ही पान १ वरचे २० ट्विट वाचले. तेवढ्यात ५ नवे आले. पान २ मागितलं, तर त्यातले पहिले ५ तुम्ही आधीच वाचलेले! रांगेत पुढे पाच जण घुसले की आपण मागे सरकतो ना, अगदी तसंच.

यावर उपाय बँकेतल्या टोकनसारखा. रांग कितीही हलो, टोकनचा नंबर बदलत नाही. म्हणून ‘पान २ द्या’ऐवजी ‘या आयडीच्या आधीचे द्या’ असं विचारायचं. २०१० मध्ये ट्विटरने स्नोफ्लेक आयडी आणले. ६४ बिटचा आकडा, त्यातले ४१ बिट वेळेसाठी. म्हणजे आयडी बघूनच जुना कोण, नवा कोण ते साधारण कळतं. डिस्कॉर्डनेही हीच पद्धत घेतली. तिथे एका वेळी जास्तीत जास्त १०० मेसेज मिळतात, आकडा सांगितला नाही तर ५०.

इथपर्यंत मामला तांत्रिक. सर्व्हर दमू नये म्हणून मर्यादा हवीच. पण मर्यादेत धोरणही असतं. ट्विटरच्या १.१ एपीआयमध्ये एका रिक्वेस्टला २०० ट्विट मिळायचे, पण कुणाच्याही टाइमलाइनवर ३२०० च्या मागे जाता यायचं नाही. १६ रिक्वेस्ट, की भिंत. त्याआधीचं लिखाण सर्व्हरवर असायचं, पण या वाटेने मिळायचं नाही.

आणि २०२५ मध्ये स्लॅकने, त्यांच्या मार्केटप्लेसबाहेर विकल्या जाणाऱ्या नव्या ॲप्ससाठी, चॅनलचा इतिहास वाचायची मर्यादा आणली: मिनिटाला एक रिक्वेस्ट, एका रिक्वेस्टला १५ मेसेज. हिशेब करा. १०,००० मेसेज वाचायला ११ तासांहून जास्त! कुलूप कुठेच लावलेलं नाही, फक्त दार इतकं अरुंद केलं की सामान बाहेर निघू नये.

म्हणून एपीआयच्या डॉक्युमेंटेशनमध्ये ‘लिमिट’ दिसलं की मी दोन प्रश्न विचारतो. हा आकडा सर्व्हरच्या ताकदीवरून ठरलाय की धंद्याच्या गणितावरून? आणि माझाच जुना मेसेज मला परत हवा असेल, तर किती मागे जाऊ देणार? तुमचा डेटा जिथे आहे, तिथे हे एकदा तपासाच. भेटू पुढच्या भागात!