मूळ संख्यांची पारख



९१ ही संख्या मूळ असावी असें प्रथमदर्शनीं पुष्कळांस वाटतें. २, ३ किंवा ५ यांनीं तिला भाग जात नाहीं. परंतु ७ नें भागून पाहिलें कीं १३ हा दुसरा अवयव हातीं येतो आणि ती संयुक्त ठरते. ९७ ला मात्र १ व ती स्वतः यांखेरीज अवयवच नाहीं. म्हणून ती मूळ होय. हा भेद शाळेंतील मुलांसही कळतो. पण संख्या मोठी झाली कीं तो ओळखतांना थोर पंडितांचीही कसोटी लागते. त्या कसोटीचा इतिहास आज थोडक्यांत सांगावयाचा आहे.

ख्रिस्तपूर्व ३०० च्या सुमारास ग्रीक पंडित यूक्लिड यानें मूळ संख्यांस अंत नाहीं हें सिद्ध केलें. त्याच्यामागून एराटोस्थेनीसनें चाळणीची रीत काढली. संख्या ओळीनें मांडाव्या. २ ठेवून त्याच्या पुढील पटी खोडाव्या, मग ३ च्या, मग ५ च्या. शेवटीं उरतील त्या मूळ. यांत एक सोय आहे. गुणाकारांतील दोन्ही अवयव संख्येच्या वर्गमूळाहून मोठे असूं शकत नाहींत. म्हणून ९७ साठीं २, ३, ५ व ७ एवढेच भाजक तपासणें पुरे. पण दहा अंकी संख्येपुढें ही सोयही तोकडी पडते.

सन १६४० मध्यें फर्मा या फ्रेंच गणितीनें ३, ५, १७, २५७ व ६५५३७ या संख्या पाहिल्या. २ चा अनुक्रमें १ ला, २ रा, ४ था, ८ वा व १६ वा घात घेऊन त्यांत १ मिळविला कीं त्या येतात, आणि त्या सर्व मूळ आहेत. यावरून पुढील, म्हणजे ३२ व्या घाताची ४२९४९६७२९७ ही संख्याही मूळच असेल असें त्यानें मानलें. मात्र सिद्धता त्याला देतां आली नाहीं. वर्गमूळापर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनीं भागून पाहावयाचें तर सहा हजारांहून अधिक भागाकार झाले असते! १७३२ सालीं ऑयलरनें तिचे अवयव दाखविले: ६४१ आणि ६७००४१७. या संख्येचा मूळ अवयव ६४ नें भागतां बाकी १ च उरली पाहिजे, हेंही त्यानेंच पुढें सिद्ध केलें. तो नियम लावला तर १९३, २५७, ४४९, ५७७ यांच्यानंतर पांचवीच संख्या ६४१ येते.

फादर मेर्सेन यानें १६४४ सालीं २ च्या ६७ व्या घातांतून १ वजा केलेली संख्या मूळ म्हणून सांगितली होती. १८७६ सालीं ल्यूका यानें ती संयुक्त असल्याचें सिद्ध केलें. पण एकही अवयव त्याच्या हातीं नव्हता! १९०३ मध्यें अमेरिकेंत कोल या अध्यापकानें ते अवयव मांडले: १९३७०७७२१ व ७६१८३८२५७२८७. त्या व्याख्यानांत तो एक शब्दही बोलला नाहीं, केवळ फळ्यावर गुणाकार करून खालीं बसला, अशी आख्यायिका आहे.

येथें एक मर्म ध्यानांत येतें. संख्या संयुक्त आहे हें कळणें वेगळें आणि तिचे अवयव सांपडणें वेगळें. पहिल्या प्रश्नाचें उत्तर कोणत्याही संख्येसाठीं बेताच्या वेळांत व निश्चित देणारी रीत २००२ सालीं कानपूर येथील तंत्रशिक्षणसंस्थेंत मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल व नितीन सक्सेना या तिघांनीं काढली. दुसऱ्या प्रश्नास अशी सुलभ रीत आजच्या नेहमींच्या संगणकांसाठीं कोणास माहीत नाहीं. १९७७ सालीं रिव्हेस्ट, शमीर व ॲडलमन यांनीं नेमक्या याच अडचणीवर गुप्तलेखनाची एक पद्धति उभारली. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार सर्वांस उघड करावा, अवयव मात्र स्वतःपाशीं ठेवावे. संगणकांतून जाणाऱ्या संदेशांचें रक्षण करण्यास ही पद्धति आजही वापरली जाते.

तेव्हां अवयव पाडण्याचें गणित मुलें करीत असतील, तर तें क्षुल्लक मानूं नये. फर्मासारख्या थोर पुरुषाचें अनुमानही एका ६४१ पुढें टिकलें नाहीं. गणितांत मोठ्या नांवापेक्षां बिनबाकीचा भागाकार वरचढ ठरतो, हें मुलांनीं याच पाठांतून शिकावें.